माकडाचा पंजा आणि माणसाचा हात



घरांत अथवा शेजारीं एखादी दुर्घटना घडली म्हणजे पहिला आक्रोश ओसरल्यावर माणसें जो प्रश्न विचारूं लागतात तो "हें कसें झालें?" असा नसतो, तो "हें कोणामुळें झालें?" असा असतो. कोणी म्हणतो वैद्याचें चुकलें, कोणी म्हणतो वेळच वाईट होती, आणि एखादी आई, "त्या दिवशीं मीं त्याला बाहेर जाऊं दिलें नसतें तर," एवढें एकच वाक्य वर्षानुवर्षें मनाशीं घोळवीत बसते. दोष कोठेंतरी ठेवल्यावांचून दुःखाला टेकावयास जागा मिळत नाहीं, असा मनुष्यस्वभावच आहे. परंतु तो दोष वस्तूवर ठेवावयाचा, दैवावर ठेवावयाचा, दुसऱ्यावर ठेवावयाचा कीं स्वतःवर घ्यावयाचा, ह्याचें उत्तर सर्व काळीं सारखें नसतें. त्या उत्तरांना इतिहास आहे. त्या इतिहासाचा एक लहानसा तुकडा आज आपल्यापुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे, आणि त्यासाठीं आधार घेतला आहे तो एका इंग्रजी अद्भुतकथेचा.

त्या कथेचें नांव 'माकडाचा पंजा'. आपणांपैकीं पुष्कळांनीं ती शाळा-कॉलेजांत असतांना वाचली असेल. तिचा कर्ता विल्यम वायमार्क जेकब्स हा १८६३ सालीं लंडनमधील वॉपिंग ह्या भागांत, थेम्स नदीच्या कांठीं जन्मला. त्याचे वडील तेथील एका धक्क्यावर व्यवस्थापक होते; त्यामुळें खलाशी, हमाल आणि गलबतें ह्यांच्या सहवासांत त्याचें बालपण गेलें. पुढें १८९९ पर्यंत तो पोस्टाच्या सेव्हिंग्ज बँकेंत कारकुनी करीत होता. हयातींत त्याची कीर्ति झाली ती खलाशांच्या विनोदी गोष्टींमुळें. परंतु १९४३ सालीं तो वारल्यानंतर त्याचें नांव मुख्यतः जिवंत ठेवलें आहे तें ह्या एका भयकथेनें. सप्टेंबर १९०२ मध्यें ती एका मासिकांत प्रथम प्रसिद्ध झाली, त्याच वर्षीं त्याच्या कथासंग्रहांत आली, आणि पुढील वर्षीं तिच्यावर रचिलेलें नाटक लंडनच्या रंगभूमीवर झालें.

गोष्ट थोडक्यांत अशी. वस्तीपासून दूर, एका आडरस्त्यावरील लहानशा घरांत व्हाइट नांवाचे वृद्ध गृहस्थ, त्यांची पत्नी आणि हर्बर्ट हा तरुण मुलगा राहात असतात. बाहेर थंडी आणि पाऊस आहे; आंत विस्तवापाशीं बाप-लेक बुद्धिबळें खेळत आहेत आणि आई विणीत बसली आहे. बापाला धाडसी खेळ्या खेळण्याची खोड. तो आपल्या राजाला विनाकारण संकटांत घालतो, चूक उशिरां ध्यानांत येते, आणि मुलाचें लक्ष तिच्यावर जाऊं नये म्हणून तो कांहींतरी बोलूं लागतो. लेखकानें हें सहज सांगितल्यासारखें सांगितलें आहे. पण पुढील सर्व अनर्थाचें बीज त्या पटावरच पडलेलें आहे.

इतक्यांत मॉरिस नांवाचा सार्जंट-मेजर भेटीस येतो. लष्करी नोकरींत त्याचीं एकवीस वर्षें हिंदुस्थानांत गेलेलीं. त्याच्यापाशीं माकडाचा एक वाळलेला पंजा असतो. एका फकिरानें त्यावर मंत्र घातला आहे, तीन माणसांनीं प्रत्येकीं तीन इच्छा मागाव्या आणि त्या पुऱ्या व्हाव्या, अशी त्याची शक्ति आहे, असें तो सांगतो. माणसाचें आयुष्य दैवाच्या हातीं आहे आणि त्यांत जो ढवळाढवळ करील तो पस्तावेल, हें फकिराला दाखवावयाचें होतें म्हणे. पहिल्या माणसाच्या दोन इच्छा काय होत्या तें कोणासच ठाऊक नाहीं. तिसरी मात्र मरणाची होती. मॉरिसनें स्वतःच्या तीन इच्छा मागून घेतलेल्या आहेत, पण त्या काय होत्या हें तो सांगत नाहीं. तो पंजा विस्तवांत फेकून देतो, आणि व्हाइट तो चटकन् बाहेर काढतात. पाहुणा गेल्यावर, घरावरील कर्ज फिटावें म्हणून, ते त्या पंजापाशीं दोनशें पौंड मागतात. दुसऱ्या दिवशीं कारखान्याचा एक माणूस दारीं येतो. हर्बर्ट यंत्रांत सांपडून मेला आहे. कंपनी स्वतःकडे कोणतीही जबाबदारी घेत नाहीं, परंतु मुलाच्या चाकरीची जाणीव ठेवून आईबापांस कांहीं रक्कम देऊं इच्छिते. रक्कम दोनशें पौंड.

पुढें मुलाला पुरल्यावर सुमारें आठवड्यानें आईला आठवण होते कीं अजून दोन इच्छा शिल्लक आहेत. ती नवऱ्याकडून मुलगा परत जिवंत व्हावा असें मागवून घेते. रात्रीं दारावर थाप पडते. आई कडी काढावयास धांवते. बाप अंधारांत गुडघ्यांवर रांगत पंजा शोधतो आणि तिसरी इच्छा मागतो. दार उघडतें तेव्हां बाहेर रिकामा रस्ता आणि दिव्याचा उजेड एवढेंच असतें.

आतां प्रश्न असा कीं हर्बर्टच्या मृत्यूस जबाबदार कोण? गोष्ट वाचून उठणारा सामान्य वाचक म्हणेल, पंजा. पण वस्तूवर दोष ठेवण्याची ही कल्पना जेकब्सची नव्हे. ती इंग्लंडांत फार जुनी होती, आणि केवळ आजीबाईंच्या गोष्टींत नव्हे, तर प्रत्यक्ष कायद्यांत होती. मध्ययुगापासून १८४६ पर्यंत त्या देशांत असा नियम होता कीं ज्या वस्तूमुळें अथवा जनावरामुळें माणसाला अपघाती मृत्यु येईल ती वस्तु दोषी समजून जप्त करावी. तिला 'डिओडँड', म्हणजे देवास द्यावयाची वस्तु, असें म्हणत. माणूस गाडीखालीं मेला तर गाडी, बैलानें मारला तर बैल. प्रत्यक्षांत कॉरोनरचे पंच त्या वस्तूची किंमत ठरवीत आणि मालकाला तेवढा दंड भरावा लागे. रेल्वे आली तेव्हां हा जुना नियम एकाएकीं भयंकर झाला. १८४१ च्या डिसेंबरांत सॉनिंग येथें ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी दरड कोसळून घसरली आणि उघड्या डब्यांतील नऊ गरीब उतारू प्राणांस मुकले; तेव्हां पंचांनीं इंजिन व डब्यांवर १००० पौंडांचा डिओडँड बसविला. पण ध्यानांत घ्या कीं ही रक्कम मृतांच्या बायकामुलांसाठीं नव्हती. ती राजाच्या अथवा त्या जागेच्या जमीनदाराच्या पदरीं पडावयाची होती. वस्तूला शिक्षा झाली, एवढ्यानें दोषाचें समाधान होई. घर मात्र उघडें पडे तें पडेच.

१८४६ सालीं हा नियम रद्द झाला, आणि त्याच वर्षीं लॉर्ड कॅम्बेल ह्यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला. त्यानें मृताच्या कुटुंबाला, ज्याच्या निष्काळजीपणामुळें मृत्यु ओढवला त्याच्यावर फिर्याद करण्याचा हक्क दिला. हा बदल केवढा मोठा! कालपर्यंत न्यायालय वस्तूकडे बोट दाखवीत होतें. आतां तें माणसाकडे बोट दाखवूं लागलें.

परंतु एक दार बंदच राहिलें, आणि तें कामकऱ्यांचें. १८३७ सालीं निकालांत निघालेल्या एका खटल्यांत एका खाटकाच्या नोकरानें धन्यावर फिर्याद केली होती: मांसानें अतोनात लादलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. पंचांनीं त्याला १०० पौंड देवविले, पण वरिष्ठ न्यायाधीशांनीं तो निकाल फिरविला. नोकर काम पत्करतो तेव्हां त्यांतील धोकाही पत्करतो, असें त्यांच्या बोलण्याचें सार होतें. ह्याच निकालापासून पुढें असें तत्त्व रूढ झालें कीं एकाच धन्याच्या दोन नोकरांपैकीं एकाच्या चुकीनें दुसऱ्यास इजा झाली तर धन्यावर जबाबदारी नाहीं. मोठ्या कारखान्यांत धनी यंत्रापाशीं कधीं येतो? चूक होते ती नेहमीं दुसऱ्या नोकराचीच. म्हणजे यंत्र दोषी नाहीं, कारण तो नियम रद्द झाला. धनी दोषी नाहीं, कारण तो तेथें नव्हता. आणि मेलेला तर मेलेलाच. हें तत्त्व इंग्लंडांत पूर्णपणें नष्ट व्हावयास १९४८ साल उजाडावें लागलें.

मध्यंतरीं १८९७ सालीं एक महत्त्वाचा कायदा झाला आणि १ जुलै १८९८ पासून अमलांत आला. कारखाने, खाणी, रेल्वे इत्यादि धोक्याच्या धंद्यांत कामकऱ्यास अपघात झाला तर चूक कोणाची हें न पाहतां धन्यानें भरपाई द्यावी. मात्र कामकऱ्यानें स्वतः गंभीर व बुद्धिपुरस्सर गैरवर्तन केलें असेल तर ती मिळूं नये, असें त्याचें सूत्र होतें. मृत्यु आला तर सर्वस्वीं त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या माणसांस त्याची तीन वर्षांची कमाई किंवा १५० पौंड, ह्यांत जी रक्कम मोठी असेल ती द्यावी. पण ती ३०० पौंडांहून अधिक होऊं नये. आपल्याकडे ह्याच धर्तीचा कायदा १९२३ सालीं झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मुंबईच्या गिरणींत सांच्यावर काम करणाऱ्याच्या कुटुंबालाही तेव्हांपासून कायद्याचा आधार मिळाला.

आतां पुन्हां आपल्या गोष्टीकडे वळूं आणि थोडें गणित करूं. दोनशें पौंड ही तीन वर्षांची कमाई धरली तर आठवड्याचा पगार सुमारें साडेपंचवीस शिलिंग येतो. त्या काळच्या इंग्लंडांत साध्या तरुण कामकऱ्याचा पगार एवढा असणें ह्यांत नवल कांहींच नाहीं. म्हणजे हर्बर्टच्या मृत्यूबद्दल दोनशें पौंड मिळावे ह्यासाठीं फकिराची, मंत्राची, पंजाची कसलीच आवश्यकता नव्हती! कायद्याचें कोष्टक तेवढीच रक्कम सांगूं शकलें असतें. कथेंत साल दिलेलें नाहीं. तरी ती प्रसिद्ध झाली तेव्हां, १९०२ सालीं, असल्या कारखान्याला "आमची जबाबदारी नाहीं" असें म्हणून मोकळें होणें पूर्वीइतकें सोपें राहिलें नव्हतें. पण तोंडची जुनी भाषा कायद्याइतकी लवकर बदलत नाहीं. स्वतः लेखक अनेक वर्षें कारकून होता. कचेरीची भाषा त्याच्या कानांत बसलेली होती.

त्या भाषेकडे नीट लक्ष दिलें म्हणजे ह्या गोष्टीचें खरें भय कोठें आहे तें कळतें. मॉरिस काय म्हणतो? मीं पंजा विस्तवांत टाकला होता; तुम्ही ठेवून घेतलात, तर पुढें जें होईल त्याचा बोल मला लावूं नका. कंपनी काय म्हणते? आम्ही कोणतीही जबाबदारी मान्य करीत नाहीं. कंपनीचा माणूस काय म्हणतो? मी केवळ नोकर आहें, हुकमाप्रमाणें बोलतों. तीन माणसें, आणि तिघेही आपापले हात धुऊन मोकळे! पंजा अद्भुत असेल. पण हें हात धुणें मुळींच अद्भुत नाहीं. तें रोज चालतें, कचेऱ्यांत चालतें आणि घरांतही चालतें.

आणि व्हाइट? ते इतरांहून वेगळे होते काय? पहिली इच्छा मागतांना त्यांना कशाची वाण होती? आपल्याजवळ हवें तें सर्व आहे, असें ते स्वतःच बोलून जातात. दोनशें पौंडांची कल्पना निघते ती मुलाच्या तोंडून, तीही थट्टेंत. पण ह्याआधीं व्हाइटनीं आणखी एक गोष्ट केलेली असते: पंजाबद्दल मॉरिसच्या हातांत त्यांनीं थोडे पैसे बळेंच ठेवलेले असतात. मॉरिस नको म्हणत होता, आणि पत्नीपाशीं हें कबूल करतांना त्यांना थोडी लाज वाटते. ज्यानें धोक्याची सूचना ऐकली, जळती वस्तु विस्तवांतून काढली आणि वर किंमतही दिली, त्याला "मला काय ठाऊक?" असें म्हणण्याचा हक्क उरत नाहीं. तरीही मुलाच्या मृत्यूचा दोष त्यांच्यावर ठेवणें मला न्याय्य वाटत नाहीं. त्यांनीं मृत्यु मागितला नव्हता, तो त्यांना दिसलाही नव्हता. मागण्याची जबाबदारी त्यांची. मृत्यूचा दोष त्यांचा नव्हे. ह्या दोन गोष्टी आपण नेहमीं एकांत एक मिसळतों आणि मग एक तर स्वतःला फांशीं देतों, नाहीं तर सर्वस्वीं निर्दोष ठरवितों.

दुसरी इच्छा मात्र मला अधिक जड वाटते. आई दुःखानें वेडी झाली आहे. तिनें मुलाचें प्रेत पाहिलेलें नाहीं. बापानें पाहिलें आहे, आणि ओळख पटली ती केवळ कपड्यांवरून. आपण काय मागत आहों हें ह्या वेळीं त्यांना पुरतें ठाऊक आहे. तें वेडेपणाचें आहे असें ते म्हणतातही. आणि तरी मागतात, कारण पत्नी ऐकत नाहीं. पहिल्या वेळीं अज्ञान होतें. दुसऱ्या वेळीं ज्ञान आहे, पण निश्चय नाहीं. आपल्या घरांतील किती चुका ह्या दुसऱ्या जातीच्या असतात! नको हें कळत असतें, परंतु प्रेमाच्या माणसाला नाहीं म्हणवत नाहीं, आणि मागाहून आपण म्हणतों, "तिचा हट्ट होता."

म्हणूनच तिसरी इच्छा निराळी आहे. पहिली मुलानें सुचविली, दुसरी पत्नीनें करविली. तिसरीच काय ती व्हाइट ह्यांची स्वतःची. ती मागतांना कोणाचा सल्ला नाहीं, कोणाचा आग्रह नाहीं, कोणी साक्षीही नाहीं. शिवाय ती मागून त्यांना मिळावयाचें काय? दाराबाहेर जें असेल तें जाईल. आणि पत्नीला मात्र जन्मभर असें वाटत राहील कीं मुलगा उंबऱ्यापर्यंत आला होता आणि बापानें त्याला परत घालविला. खरें काय होतें हें तिला पटविण्यास त्यांच्यापाशीं पुरावा उरणार नाहीं. हें सर्व पत्करून ते ती इच्छा मागतात. गोष्टींत "ह्याला मी जबाबदार" असें शब्दांनीं कोणीच म्हणत नाहीं. पण ह्या एका क्षणीं एक माणूस तें कृतीनें म्हणतो. दार उघडल्यावर पत्नीचा निराश आक्रोश ऐकून ते तिच्यापाशीं धांवत जातात. मॉरिस गेला, कंपनीचा माणूस गेला. जागेवर राहिले ते हेच.

शेवटीं त्या फकिराबद्दल दोन शब्द. हिंदुस्थानी माणूस म्हणजे सर्व कांहीं दैवावर टाकणारा, अशी त्या काळच्या इंग्रजी वाङ्मयाची ठराविक समजूत होती, आणि हा फकीर तिच्यांतूनच जन्मलेला आहे. वास्तविक आपल्याकडे प्रारब्धाबरोबर क्रियमाणाचाही विचार झालेला आहे. जें भोगावयाचें तें ठरलेलें असलें तरी जें करावयाचें तें अजून आपल्या हातीं आहे. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त लोकमान्यांनीं 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असें एक सबंध प्रकरणच ह्या विषयाला दिलें आहे. गंमत अशी कीं जेकब्सची गोष्ट तिच्यांतील फकिराला साक्ष देत नाहीं. दैवच सर्व करीत असतें तर पंजा विस्तवांतच जळाला असता. तो बाहेर काढला तो माणसाच्या हातानें.

कायद्यानें वस्तूवरचा दोष काढून माणसावर आणला, आणि पुढें दोष बाजूला ठेवून भरपाईची व्यवस्था केली, हें फार मोठें काम झालें. तें झालें नसतें तर गरिबांच्या घरांना आधारच उरला नसता. तथापि पैसे कोणीं द्यावयाचे एवढेंच कायदा ठरवूं शकतो. "ह्यांत माझा हात किती?" हा प्रश्न ज्याचा त्यानें, दार वाजत असतांना आणि घरांत अंधार असतांना, स्वतःलाच विचारावा लागतो. आपल्यावर तसा प्रसंग आला तर सगळा दोष अंगावर घेऊन मोडून पडूं नये आणि सगळा झटकून मोकळेंही होऊं नये. आपल्या वांट्याचा जेवढा, तेवढा उचलावा आणि ज्याच्यावर दुःख कोसळलें आहे त्याच्याजवळ जाऊन उभें राहावें. वृद्ध व्हाइट ह्यांना हें उशिरां साधलें, पण साधलें.